घरी जुळवलेला गेमिंग पीसी : वर्षभराच्या वापरानंतर एकेका भागाचा हिशेब

जानेवारी २०२५मध्ये मी आणि माझा भाचा अशा दोघांनी मिळून पुण्यातील आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून, जो डेस्कटॉप संगणक जुळवला त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. या वर्षात त्याने एक कडक उन्हाळा आणि एक लांबलेला पावसाळा काढला, भाच्याच्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे प्रकल्प सोसले आणि रात्रीच्या जेवणानंतर होणारे आमचे खेळ तर रोजचेच होते. खोके उघडल्याच्या आनंदात लिहिलेले अभिप्राय मी खरेदीपूर्वी पुष्कळ वाचले होते; त्यांचा उपयोग फारसा झाला नाही, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच भाग उत्तम वाटतात. म्हणून येथे प्रत्येक भागाला मी एकच प्रश्न विचारणार आहे : स्वस्त पर्याय सोडून यासाठी जे जास्तीचे पैसे मोजले, ते संगणकासमोर बसल्यावर जाणवले का?

आधी यादी. प्रोसेसर एएमडी रायझेन ५ ७६०० (सुमारे १८,५०० रुपये), मदरबोर्ड एमएसआय प्रो बी६५०एम-ए वायफाय (१५,०००), डीडीआर५ रॅम ३२ जीबी (९,५००), ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी १६ जीबी (५१,०००), माहिती साठवणारी एसएसडी डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० एक टीबी (६,२००), सर्व भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कोर्सेर आरएम७५०ई (९,०००), कॅबिनेट लियान ली लॅनकूल २१६ (८,५००) आणि कूलर थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई (३,६००). बेरीज साधारण १,२१,३०० रुपये होते. मॉनिटरचे १९,५०० वेगळे.

मॉनिटर यादीच्या बाहेर ठेवण्याची पद्धत आहे आणि माझ्या मते चुकीच्या खरेदीची सुरुवात तिथेच होते. ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० या मापात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४०मध्ये ३६.९ लाख आणि ३८४० बाय २१६० म्हणजे ज्याला आपण ‘फोर-के’ म्हणतो त्यात जवळजवळ ८३ लाख. हे सगळे बिंदू सेकंदाला साठ, शंभर किंवा दीडशे वेळा नव्याने काढायचे असतात. ज्याच्याकडे १०८०चा मॉनिटर आहे आणि पुढील तीन वर्षे तो बदलणारही नाही, त्याने आमचे कार्ड घेणे म्हणजे गल्लीतून दूध आणण्यासाठी ट्रक काढणे होय. आम्ही २७ इंची, १४४० मापाचा, १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा, आयपीएस प्रकारच्या पडद्याचा मॉनिटर आधी निश्चित केला आणि मग बाकीची यादी त्याच्यामागे उभी केली. २७ इंचांवर १०८० मापाची अक्षरे मला विरविरीत दिसतात. ते माप २४ इंचांपर्यंतच शोभते. ६० हर्ट्झवरून वर गेल्याचा फरक मात्र सांगून पटत नाही, माउस हलवून पाहावा लागतो. ६० हर्ट्झला एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद टिकते, १८०ला ५.६. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या माझ्या डोळ्यांनाही हा फरक पहिल्या मिनिटात कळला, तेव्हा मॉनिटरला माझे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. एकूण रकमेतील बेचाळीस टक्के रक्कम या एका भागावर गेली आणि खेळासाठीच्या संगणकात हे प्रमाण मला योग्य वाटते. आमच्यासमोर तीन नावे होती. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येत असे. त्यातील ८ जीबीचे आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवले. त्यामागचे कारण असे की खेळातील पृष्ठभागांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मावली नाहीत, तर ती साध्या रॅममधून मागवावी लागतात आणि मग सरासरी वेग बरा दिसत असूनही मध्येच चित्र अडखळते. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ हा खेळ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची जी तारांबळ उडाली ती अनेकांना आठवत असेल. पुढे दुरुस्त्या झाल्या, पण दिशा स्पष्ट झाली. १६ जीबीचे ४०६० टीआय ही अडचण सोडवते, तथापि त्याचा स्मृतीकडे जाणारा मार्ग १२८ बिटांचाच आहे. ७८०० एक्सटीचा मार्ग २५६ बिटांचा आहे आणि दोघांच्या किमतीत तेव्हा चार-पाच हजारांचे अंतर होते. तिसरे नाव आरटीएक्स ४०७० सुपर, जे चांगले असूनही आमच्या हिशेबाबाहेर गेले.

वर्षभरानंतरचा अनुभव असा. ‘सायबरपंक २०७७’ १४४० मापावर, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या काढण्याचे तंत्र) बंद ठेवून आणि बाकी सर्व गोष्टी वरच्या पातळीवर ठेवून, सेकंदाला ७० ते ९० चित्रे देतो आणि मुख्य म्हणजे त्यात खड्डे पडत नाहीत. ‘काउंटर-स्ट्राइक २’ दोनशेच्या वर चालतो. तिथे कार्ड अर्धवट रिकामेच बसलेले असते. ‘एल्डन रिंग’ मुळातच ६० चित्रांवर बांधलेला असल्यामुळे त्यात आमच्या खर्चाचा काहीच उपयोग नाही, हे भाच्याला आधी माहीत होते आणि मला नव्हते. रे ट्रेसिंग चालू केले की या पिढीचे एएमडी कार्ड लगेच धापा टाकते, आणि ही गोष्ट विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवूनच स्वीकारली पाहिजे. दुसरी उणीव अधिक टोचणारी आहे : कमी मापात चित्र काढून ते मोठे करून दाखवण्याचे जे तंत्र आहे, त्यात एनव्हिडियाचे डीएलएसएस पुढे आहे, आणि जानेवारी २०२५मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळाली. एएमडीने मात्र याच तंत्राची आपली नवी आवृत्ती, एफएसआर ४, आणली ती मार्च २०२५च्या आरएक्स ९००० मालिकेसाठी. म्हणजे आमचे कार्ड घरात आल्यावर जेमतेम दोन महिन्यांत त्याच कंपनीने पुढचा दरवाजा उघडला आणि आम्ही मागच्या खोलीत राहिलो. संगणकाच्या खरेदीत असे होणारच, ‘पुढचे येईपर्यंत थांबू’ म्हणणारा माणूस कायमचा थांबून राहतो. तरीही त्या आठवड्यात मला थोडे लागले, हे कबूल करतो. ज्याला खेळाबरोबर ब्लेंडरसारखे त्रिमितीचे कामही करायचे आहे, त्याने मात्र एनव्हिडियाच घ्यावे. कूडाशिवाय, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणाऱ्या गणनाप्रणालीशिवाय, तिथे फार वेळ जातो.

किमतीबद्दल एक गोष्ट येथेच नोंदवतो, कारण आमच्या घरी तिच्यावरून बराच खल झाला. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाने कार्ड तिकडून आणण्याची तयारी दाखवली होती. या कार्डाची तेथील मूळ जाहीर किंमत ४९९ डॉलर. तेव्हाच्या सुमारे ८६ रुपयांच्या दराने ती ४२,९१४ रुपये होते, आणि तीवर आपला १८ टक्के जीएसटी चढवला की आकडा ५०,६००च्या पुढे जातो. म्हणजे ‘इथले दुकानदार लुटतात’ अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती निदान या बाबतीत करापुरतीच खरी होती. आठ हजार वाचवून तीन वर्षांची इथली वॉरंटी घालवायची का, या प्रश्नाला घरातील सर्वांत काटकसरी व्यक्तीने, म्हणजे माझ्या बहिणीनेच, ‘नको’ असे उत्तर दिले.

प्रोसेसरबाबत मी मुद्दाम मध्यम राहिलो. रायझेन ५ ७६००मध्ये सहा कोअर (गणना करणारी केंद्रे) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, नेहमीची उष्णता ६५ वॅटची आणि कमाल मर्यादा ८८ वॅटची आहे. खेळासाठी सर्वांत नावाजलेला ७८००एक्स३डी तेव्हा दुपटीहून महाग होता. त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतील जलद स्मृतीचा, लाभ खराच मोठा आहे, पण तो १०८० मापावर आणि अतिवेगवान कार्डासोबत दिसतो. १४४० मापावर आमचे कार्डच आधी दमते आणि मग प्रोसेसर कोणता आहे याला फारसा अर्थ राहत नाही. याहून स्वस्त ७५००एफही बाजारात होता. तो घेतला असता तर वेगात फरक पडला नसता, परंतु त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. ७६००मध्ये ते आहे, अगदी क्षीण, खेळाच्या उपयोगाचे नाही. पण पहिल्या दिवशी पडदा काळा राहिला तेव्हा दोष कार्डात आहे की आणखी कुठे, हे मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावून दोन मिनिटांत तपासता आले. घरी स्वतः जुळवणी करणाऱ्याने या सोयीसाठी दीड-दोन हजार जास्त द्यावेत असे माझे मत आहे. इंटेलचा विचार आम्ही केला नाही असे नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४मध्ये उघड झाले, कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतील मूळ सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आमच्या किमतीतील आय५ मालिकेच्या खालच्या प्रोसेसरांशी त्या प्रकरणाचा संबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. आम्ही तिकडे गेलो नाही ते सॉकेटमुळे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेमुळे : इंटेलचा एलजीए१७०० तेव्हा शेवटच्या मुक्कामाला आला होता, तर आपल्या एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले होते. २०१७च्या पहिल्या रायझेनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर लोकांनी २०२२चा ५८००एक्स३डी बसवला, हा पूर्वेतिहास आश्वासनापेक्षा अधिक विश्वास देणारा आहे.

मदरबोर्डावर फार लिहिण्यासारखे नाही. ए६२०चा स्वस्त बोर्ड या प्रोसेसरला पुरला असता. आम्ही बी६५० घेतला तो एसएसडी बसवायच्या दोन एम.२ जागा, चार रॅम-खाचा, वायफाय आणि प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करता येण्याचे बटण यांसाठी. ते बटण आजवर दाबलेले नाही. उद्या नवा प्रोसेसर घेऊ तेव्हा दाबू.

रॅमविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे पैसे खर्च करूनही ते वाया घालवणारे लोक मी पाहिले आहेत. रायझेनच्या या पिढीला ६००० वेगाची आणि सीएल३० विलंबाची जोडी मानवते, हे सर्वश्रुत आहे. पण अशी जोडी बोर्डावर बसवली म्हणजे ती ६०००वर धावू लागते असे नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची सोय चालू करेपर्यंत ती गुपचूप ४८००वर चालत राहते आणि खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो. दुसरे असे की कांड्या दोनच घ्याव्यात. बोर्डाला चार खाचा असल्या तरी या प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन कांड्यांना ५२०० आणि चारांना ३६०० असा आहे, तेव्हा ‘आज दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत कागदावर जितका सोपा दिसतो तितका नाही. त्या दोन कांड्याही प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. तिसरी गोष्ट आमच्या भाच्याच्या काळजाचा ठोका चुकवणारी ठरली. एएम५वर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची चाचपणी करतो, ती काही मिनिटे चालते आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. “मामा, जळला वाटतं,” असे म्हणून तो बटण बंद करायला निघाला होता. मी चहा ठेवला. चहा गाळेपर्यंत पडद्यावर अक्षरे आली. १६ऐवजी ३२ जीबी घेतल्याचे समाधान खेळताना नव्हे, तर खेळ, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड एकाच वेळी उघडे असताना मिळते. उत्तर ‘हो’, पण हळू आवाजात.

एसएसडीचे उत्तर याच्या उलट आहे. एसएन७७० सेकंदाला ५,१५० एमबी वाचते, पाच वर्षांची वॉरंटी देते आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु तिच्याहून दुप्पट वेगाची पाचव्या पिढीची एसएसडी घेऊन खेळ दुप्पट लवकर उघडत नाहीत. वेगावर घालवायचे पैसे जागेवर घालवावेत. ‘बाल्डर्स गेट ३’ १५० जीबी मागतो, ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ १३० जीबी. विंडोज आणि भाच्याची सॉफ्टवेअर धरून आमची एक टीबी चौथ्या महिन्यात भरली आणि तेव्हापासून नवा खेळ आणायचा म्हणजे जुना काढायचा, अशी भाडेकरूंची व्यवस्था सुरू आहे. दोन टीबी घ्यायला हवी होती.

आता त्या भागाकडे येतो, ज्यावर आपल्याकडे सर्वांत कमी विचार होतो. संगणक जुळवून देणाऱ्या दुकानांत अजूनही कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस असतो, त्यावर ४५० किंवा ५०० वॅट असा मोठा आकडा छापलेला असतो, आणि घेणारा त्या आकड्यावर समाधान मानतो. आमचा हिशेब असा होता : कार्ड २६३ वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून पन्नास, म्हणजे चारशेच्या आसपास. कार्डासाठी एएमडी ७०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण कार्डाची ओढ क्षणार्धात बरीच वर जाऊन खाली येते आणि अशा झटक्याला हलका एसएमपीएस सरळ बंद पडतो. ७५० वॅट घेतल्यामुळे नेहमीचा भार निम्म्याजवळ राहतो, जिथे तो सर्वाधिक कार्यक्षम असतो आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ फिरतही नाही. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का केवळ कार्यक्षमतेचा असतो, आतील संरक्षक यंत्रणा किती भरवशाची आहे हे तो सांगत नाही. म्हणून मी शिक्क्यापेक्षा सात वर्षांच्या वॉरंटीकडे अधिक पाहिले. कार्डाला दोन आठ-पिनी जोडण्या लागतात, त्या एकाच केबलच्या दोन फाट्यांनी न देता दोन स्वतंत्र केबलींनी दिल्या. फरक जाणवला का? नाही. चांगला एसएमपीएस जाणवतच नाही, हेच त्याचे काम आहे.

त्याच्या मागच्या भिंतीतील वीज मात्र चांगलीच जाणवली. आमची इमारत जुनी आहे. संगणक चालू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पत्नीने कॅबिनेटवरची धूळ पुसली आणि तिच्या बोटांना झिणझिण्या आल्या. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे जे छोटे कपॅसिटर असतात, ते अत्यल्प विद्युतप्रवाह धातूच्या कवचाकडे सोडतात आणि तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. आमच्या त्या सॉकेटची तिसरी तार मागे कशालाही जोडलेलीच नव्हती. इलेक्ट्रिशियनने नवी तार ओढून दिली तेव्हा प्रश्न मिटला. सव्वा लाखाचे यंत्र घेण्याआधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे, हा सल्ला मला कोणत्याही अभिप्रायात सापडला नव्हता.

दुसरा प्रसंग यूपीएसचा. जुन्या संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस आमच्याकडे होता. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. तो प्रत्यक्षात ३६० वॅट देतो. खेळ चालू असताना वीज गेली की संगणक आणि यूपीएस दोघेही एकदमच मान टाकत. शिवाय असे स्वस्त यूपीएस शुद्ध साइन लहरीऐवजी पायऱ्यांसारखी लहर देतात आणि आजच्या एसएमपीएसमधील पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या यंत्रणेला ती काही वेळा पचत नाही. शेवटी घरातील साइन वेव्ह इन्व्हर्टरवरच जोडणी केली आणि त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ खुणेवर आणले. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. त्या खुणेवर इन्व्हर्टर त्याहून लवकर धावून येतो, एरवीच्या खुणेवर येत नाही. हे बटण घराघरांत असते आणि त्याला कोणी हात लावलेला नसतो.

कॅबिनेट आणि कूलर यांचा विचार मी एकत्रच करतो, कारण आपल्या हवामानात हे दोन्ही एकाच प्रश्नाचे तुकडे आहेत. परदेशी अभिप्रायांतील तापमाने वीस-बावीस अंशांच्या खोलीतील असतात. कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि खोली जितके अंश तापते जवळजवळ तितकेच अंश आतला आकडा वर सरकतो. जानेवारीत खेळताना प्रोसेसर साठीच्या आसपास असे, मे महिन्यात दुपारी खोली ३८ अंशांवर गेली तेव्हा तो सत्तरीत गेला. कार्डावरील सर्वांत तप्त बिंदू नव्वदीला टेकला. मर्यादा ११० अंशांची असल्यामुळे धोका नव्हता. पण चारशे वॅट वीज घेणारे यंत्र ती सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच सोडते, म्हणजे मे महिन्याच्या संध्याकाळी टेबलाखाली एक छोटा हीटर लावून बसल्यासारखे होते, आणि यावर कोणत्याही कूलरकडे उपाय नाही. मे महिन्यात आम्ही कार्डाची वीजमर्यादा दहा टक्क्यांनी खाली आणली. वेगातील फरक मोजल्याशिवाय कळला नाही.

लॅनकूल २१६च्या समोर काच नाही, जाळी आहे आणि तिच्यामागे १६० मिलिमीटरचे दोन रुंद पंखे आहेत, जे हळू फिरूनही पुष्कळ हवा ओढतात. समोर काचेची भिंत आणि मागे रंगीत दिवे लावलेली कॅबिनेटे दुकानात विलक्षण सुंदर दिसतात. पुण्याच्या उन्हाळ्यात ती प्रेशर कुकरसारखी वागतात. जाळीचा तोटा धूळ. शेजारी बांधकाम चालू असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी गाळणी काढून झटकावी लागते, आणि हे काम भाच्याकडे सोपवलेले असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच होते. कूलरबाबत मात्र मी जरा वाहवलो. दोन मनोऱ्यांचा आणि सहा उष्णतानळ्यांचा कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरला गरजेपेक्षा फार मोठा आहे. चार नळ्यांचा डीपकूल एके४०० हजार-दीड हजारांनी स्वस्त पडला असता आणि पुरला असता. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा छोटा अॅल्युमिनियमचा कूलरही काम भागवतो, पण शांततेची किंमत ज्याला कळते त्याने तो माळ्यावर ठेवावा.

जुळवणीत आम्ही ज्या चुका केल्या त्या आमच्याच होत्या. कूलरच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहिले आणि शेवटच्या क्षणी लक्षात आले. एम.२ जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू सतरंजीत हरवला. विंडोज ११ बसवताना ते इंटरनेट मागत होते आणि बोर्डाचे वायफाय चालण्यासाठी लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवर होता. तो आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायला हवा होता. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पहिले नऊ दिवस आमचा १८० हर्ट्झचा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालला, कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा बदलावा लागतो हे दोघांनाही सुचले नाही. वर पहिल्या मिनिटात फरक कळल्याचे जे लिहिले आहे, ते पहिले मिनिट दहाव्या दिवसाचे होते.

खरेदी आम्ही अर्धी ऑनलाइन आणि अर्धी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केली. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असले तरी ग्रँट रोड स्थानकाबाहेर ते नाव विचारून पाहा, कोणी सांगणार नाही. तिथे भाव करता येतो, वस्तू हातात घेऊन पाहता येते, आणि सावधही राहावे लागते. एका दुकानात आम्हाला ७६०० दोन हजारांनी स्वस्त मिळत होता. चौकशी केल्यावर कळले की तो खोक्यातला नसून ट्रेमधला, म्हणजे खोक्याविना सुटा विकला जाणारा, आहे. खोक्यातील प्रोसेसरला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधल्याची जबाबदारी विक्रेत्याच्या शब्दावर असते. दुसऱ्या ठिकाणी ‘बिल नको असेल तर’ या शब्दांनी वाक्य सुरू झाले आणि आम्ही ते पूर्ण होऊ दिले नाही. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घेतला, ऑनलाइन आलेली खोकी उघडतानाचे चित्रीकरण केले. त्याचा उपयोगही झाला : रॅमची एक कांडी सातव्या महिन्यात चुका दाखवू लागली आणि अनुक्रमांक जुळल्यामुळे ती सव्वातीन आठवड्यांत बदलून मिळाली. त्या सव्वातीन आठवड्यांत संगणक एका कांडीवर चालला, आणि ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये चित्रांचा वेग डोळ्यांना दिसेल इतका खाली आला.

तो अनुभव आता अनपेक्षितपणे कामाला आला आहे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीहून अधिक वाढले, कारण सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांची क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळली, आणि मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा डिसेंबरमध्येच केली. गेल्या आठवड्यात भाच्याचा एक मित्र ८० हजारांची यादी घेऊन घरी आला. रॅमच्या वाढलेल्या खर्चाची भरपाई करण्यासाठी त्याने कार्ड ८ जीबीचे केले होते आणि एसएमपीएस कोणा अनोळखी नावाचा लिहिला होता. आम्ही त्या दोन्ही ओळी खोडल्या. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीचेच ठेवले, एसएमपीएस ६५० वॅटचा नावाजलेला लिहिला, कूलर खोक्यातलाच राहू दिला आणि रॅमची १६ जीबीची एकच कांडी दुसऱ्या खाचेत लावायला सांगितले. वेग कमी मिळेल, किती कमी तेही आम्ही त्याला आमच्या नोंदींवरून दाखवले. चौथी खाच भाव उतरेपर्यंत रिकामी राहील. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी कांडी घेता यावी म्हणून पहिलीच्या खोक्यावरील पूर्ण क्रमांक त्याने बिलाच्या मागे लिहून ठेवायचा आहे.